वाघाच्या गुहेतलं बाळ

मेलेल्या माणसासाठी जिवंत पोरांचे सण बंद करायचे, ही रीत मला कधी पटली नाही. माझ्या सासरी ती होती. बेंगळुरात आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातही होती. देव वेगळे, भाषा वेगळी, पण पोरांना अंधारात बसवायची अक्कल दोन्हीकडे सारखीच.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. आम्ही निपाणीकडचे. मुलाला बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही के. आर. पुरमला भाड्याच्या घरात राहायला आलो. कंपनीची बस पहाटे यायची, मुलगा त्यात बसून जायचा तो अंधार पडल्यावरच परत. सून घरी ब्लाऊज शिवायची. नातू तिसरीत होता. घर बैठं, एका छपराखाली दोन बिऱ्हाडं. दोन्ही दारांपुढे थोडं थोडं अंगण आणि मध्ये गुडघ्याएवढा कट्टा.

कट्ट्यापलीकडे मंगळूरकडचं ख्रिस्ती कुटुंब होतं. बाप रेल्वेत, त्याच्या पाळ्या बदलत असायच्या. दोन मुली, थोरली नवाची, धाकटी पाचाची. आणि बापाची आई. मुलींची आई त्या उन्हाळ्यात गेली होती. पोटाचं दुखणं निघालं आणि महिन्याभरात बाई संपली.

ती म्हातारी आणि मी एकमेकींना अक्का म्हणायचो. दोघींनाही धाकटं व्हायचं होतं. ती कोकणी बोलायची, मी मराठी, आणि एकमेकींचं निम्मं कळायचं. भांडायचं झालं की दोघी कन्नडवर यायचो, म्हणजे कोणाच्या बाजूला फायदा नको. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, पण त्यातलं निम्मं भांडण कन्नडमधलं आहे हे ध्यानात ठेवावं.

डिसेंबर लागला तसे आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरांवर स्टार लागायला लागले. कागदाचे, आत दिवा असलेले. शेजारच्या दारावर काही लागलं नाही. थोरली काही बोलायची नाही. धाकटी मात्र सगळ्यांना विचारत सुटली होती. दूधवाल्याला विचारलं, घरमालकाला विचारलं. एक दिवस दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, तर कट्ट्यावर येऊन बसली.

"अज्जी, तुमच्याकडे कोण मेलंय?"

"यंदा कोणी नाही."

"खरंच कोणी नाही?"

"नाही गं बाई. का?"

"मग तुम्ही स्टार लावू शकता."

मी सूप खाली ठेवलं. पाच वर्षांच्या पोरीनं जे शोधून काढलं ते मोठ्यांपैकी कोणाला सुचलं नव्हतं. वर्षभराचं दुःख त्यांच्या दारात होतं, माझ्या दारात नव्हतं.

मी म्हटलं, "लावू शकते. पण मला करता येत नाही. तुम्ही दाखवणार असलात तर लावते."

हे मी दया म्हणून केलं असं कोणी समजू नये. मला राग होता, आणि तो जुना होता. माझा नवरा गेला तेव्हा मी बाविशीची होते आणि माझा मुलगा चार वर्षांचा. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नाही. रीतीप्रमाणे शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून दिली, चकल्या-लाडू खूप आले. पण कंदील कोणी ताटात घालून आणून देत नाही. पोरगं शेजारच्या ओसरीवर त्यांच्या कंदिलाखाली जाऊन बसायचं. जेवणाची वेळ झाली की ते लोक त्याला घरी जा म्हणून सांगायचे. सासूबाईंना मी एकदा म्हटलं, एक लहानसा लावू या. त्या म्हणाल्या, लोक काय म्हणतील? लोक काही म्हणाले नसते. लोक आपापल्या चकल्या तळत होते.

तर स्टार. माळ्यावर आमचा दिवाळीचा आकाशकंदील पडला होता. कागद फाटलेला, पण कामट्यांचा सांगाडा ठणठणीत. मी तो काढला, जुना कागद खरवडला, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. पतंगाचा लाल आणि पिवळा कागद दुकानातून आणला. कंदिलाला कोपरे असतात, स्टारला टोकं लागतात. ती टोकं कशी काढायची यावर नातू आणि धाकटी बराच वेळ भांडले. शेवटी मी शेंगदाणेवाला करतो तशा पुड्या वळल्या आणि सांगाड्याच्या प्रत्येक बाजूला एकेक उलटी पुडी चिकटवली. टोकं झाली. काही लांब, काही आखूड. धाकटीच्या केसांत खळ, नातवाच्या चड्डीला खळ, सुनेच्या शिवायच्या कापडालाही थोडी लागली, त्यावरून मी बोलणी खाल्ली.

थोरली आपल्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. पान काही उलटत नव्हतं. मी खाली झिरमिळ्यांच्या शेपट्या चिकटवायला घेतल्या तसं तिला राहवेना.

"अज्जी, स्टारला शेपटी नसते."

"आमच्याकडे असते."

"तो कंदील. हा स्टार आहे."

"शेपटीशिवाय बोडका दिसतो."

"बोडकाच असतो तो!"

ती उठून आली, माझ्या हातातून कागद घेतला, आणि तिथेच बसली. ती एकेक शेपटी काढत गेली, मी परत चिकटवत गेले. शेवटी दोन शेपट्या राहिल्या. पुस्तक पायरीवर तसंच उघडं पडलं होतं.

संध्याकाळी स्टार दारावर चढवला आणि आत चाळीसचा बल्ब सोडला. मुलगा कामावरून आला तो दारातच थांबला.

"आई, हे काय?"

"स्टार."

"ते दिसतंय. आपल्या दारात कशाला? गणपतीच्या मंडळातले लोक येतात-जातात. बघितलं तर काय म्हणतील?"

"स्टार म्हणतील. डोळे असतील तर."

"आई, मस्करी नको."

मग मी त्याला त्या दिवाळीचं सांगितलं. ओसरीवर बसायचास म्हटलं, आणि घालवून द्यायचे. त्याला काही आठवत नव्हतं. तो बल्बकडे बघून म्हणाला, "वायर नीट खोचलेली नाही, शॉक बसेल कोणाला तरी." स्टूल घेऊन त्यानं वायर नीट केली. तो विषय तिथे संपला. मंडळातल्या एका बाईंनी पुढे मला बाजारात गाठून विचारलंच, "काय हो, बाटलात की काय?" मी म्हटलं, "अजून नाही. विचार चालू आहे." त्या परत बोलायला आल्या नाहीत.

खरी गाठ शेजारणीशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कट्ट्यापाशी येऊन उभी राहिली. काळी साडी, हातात जपमाळ.

"अक्का, आमच्या घरात अजून वर्ष झालं नाही."

"माहीत आहे. तुमच्या दारात काही लावलंय का मी?"

"मुलींनी केलाय तो."

"हात मुलींचे. कागद माझा, खळ माझी, दार माझं, लाइटचं बिल माझ्या मुलाचं."

"पोरींची आई जमिनीत आहे आणि पोरी कागद कापत बसल्या. चर्चमधले लोक काय म्हणतील? सून गेली आणि सासूला स्टार सुचतोय, असं म्हणतील."

तेव्हा मला कळलं. सासू-सुनेचं फारसं पटत नव्हतं हे गल्लीला ठाऊक होतं. भिंत एकच असल्यानं मला जरा जास्तच ठाऊक होतं. आता ती बाई काळी साडी नेसून लोकांना दुःखाचा पुरावा देत होती. तिची अडचण मला समजली, पण म्हणून मी गप्प बसणार नव्हते.

"तुमच्या नावाला डाग नको म्हणून पोरींनी अंधारात बसायचं का?"

बोलले ते खरं होतं. जरा जास्त खरं होतं. तिनं मुलींना हाक मारली, आत नेलं, आणि सांगितलं की नाताळ होईपर्यंत अज्जीच्या घरी पाऊल टाकायचं नाही. धाकटी रडली. ते आतून ऐकू येत होतं. मी स्टार उतरवला नाही. संध्याकाळ झाली की बटण दाबायचे. त्याचा उजेड कट्टा ओलांडून त्यांच्या पायरीवर पडायचा, आणि उजेडाला कोणी हाक मारून आत नेऊ शकत नाही.

पण मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. स्टार लागला की गोठा लागतो, हे धाकटीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. बाळ, आई-बाप, गाढव, बैल, मेंढरं, मेंढपाळ. आणि आमच्या अंगणात नातवानं दिवाळीत केलेला किल्ला अजून उभा होता. आमच्याकडची पोरं दिवाळीत किल्ला करतातच, बेंगळुरात असली म्हणून काय झालं. दगड-मातीचा डोंगर, वर बुरूज, पायऱ्यांवर मातीचे मावळे, आणि खाली गुहा. गुहेत वाघ. पेरलेले अळीव वाळून गेले होते, पण किल्ला पडला नव्हता.

मी नातवाला म्हटलं, "वाघाला बाहेर काढ. गुहेत गोठा करू."

"वाघ कुठे जाणार?"

"बुरुजावर बसव. पहारा करील."

"आणि मावळे?"

"ते राहू देत. राखणीला कोणीतरी पाहिजेच."

केरेच्या, म्हणजे तळ्याच्या, कडेची चिकणमाती नातवानं पिशवी भरून आणली. मी अंगणात पाट टाकून बसले आणि जनावरं करायला घेतली. लहानपणी बेंदराला आम्ही मातीचे बैल करायचो, तेवढंच मला येतं. बैल झकास झाला. मग गाढव केलं, त्यालाही वशिंड आलं. वशिंड चेपलं तर मान खाली गेली. मेंढरू केलं, ते बसलेल्या बैलासारखं दिसायला लागलं. हात एकदा एका वळणाला लागले की दुसऱ्या वळणाला जात नाहीत.

पलीकडे दोघी पायरीवर बसल्या होत्या. आजीनं त्यांचे पाय बंद केले होते, तोंडं नव्हेत.

"अज्जी, गाढवाचे कान लांब करा!" थोरली ओरडली.

"केले."

"अजून लांब!"

"अजून केले तर ससा होईल."

"होऊ दे, बैल तर नको!"

मी माती भिजवून त्या किल्ल्यावर अळिवाच्या जागी मोहरी पेरायला घेतली, तेव्हा थोरली उभी राहून म्हणाली, "मोहरी नको. रागी पेरा. मम्मी रागी पेरायची." आई गेल्यापासून मम्मी हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी मोहरी डब्यात ओतली, सुनेकडून रागी, म्हणजे आपली नाचणी, मागून घेतली आणि पेरली. त्यांची आजी दारात खुर्ची टाकून बसलेली असायची. जपमाळ फिरवत असायची आणि तोंड मुद्दाम रस्त्याकडे. तिनंही ऐकलं.

रागी उगवून वर आली. हिरव्या डोंगरावर मावळे ढाली घेऊन उभे, बुरुजावर वाघ, खाली गुहेत पेंढा. आई-बाप मी केले. बाप साधा झाला. आई मला गौरीसारखीच करता आली, बसकी, भरल्या गालांची. सुनेनं ब्लाऊजच्या अस्तरातला निळा तुकडा दिला, तो तिच्या डोक्यावरून घेतला. शेवटी मुठीएवढं बाळ केलं आणि ते वाळल्यावर एका दुपारी गुहेत पेंढ्यावर ठेवलं.

थोरलीनं पलीकडून ओरडायला तोंड उघडलं. पण तिच्याआधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हातारी उठली, साडी जरा वर धरून कट्टा ओलांडला, माझ्या अंगणात आली, वाकली, आणि गुहेतलं बाळ उचलून घेतलं.

माझं डोकं फिरलं. मीही उठले.

"अक्का, ते खाली ठेवा. पोरींना येऊ देत नाही तर नका देऊ. माझ्या अंगणातली वस्तू उचलायची नाही."

"ठेवणार नाही."

"का नाही?"

"कारण ते अजून जन्मलेलं नाही!" ती ओरडली. "चोवीस तारखेपर्यंत गोठा रिकामा असतो! कोणी सांगितलं तुम्हाला आधीच बाळ घालायला? नऊ महिने तरी भरू द्याल की नाही बाईचे?"

मग मला हसू आलं आणि थांबेना. नातूही हसायला लागला, कशाला हसतो ते त्याला कळलं नव्हतं. ती काही हसली नाही. बाळ पदराच्या गाठीत बांधलं आणि गोठ्याकडे नीट बघायला लागली. आणि बाई एकदा चुका काढायला लागली की ती आत आलीच म्हणायची.

"गाढव इकडे नको, तिकडे. हे काय आहे?"

"मेंढरू."

"हे मेंढरू? देवा! आणि ढाल-तलवारवाले कोण हे सगळे?"

"आमचे मावळे. पहाऱ्याला आहेत."

"आणि वाघ?"

"तो आधीपासून राहत होता. घर त्याचंच आहे."

तिनं वाघाला बुरुजावरून उचललं, हातात उलटासुलटा करून बघितला, आणि तोंड गुहेकडे होतं ते बाहेरच्या बाजूला फिरवून परत ठेवला. तिच्या पाठीमागून दोघी मुली कट्टा ओलांडून आल्या होत्या. तिनं बघितलं. जा म्हणाली नाही.

मग तिचं लक्ष गोठ्यातल्या आईकडे गेलं. मी हाताच्या सवयीनं तिला कुंकू लावलं होतं.

"मेरीला कुंकू?"

"नवरा जिवंत आहे ना तिचा? तो काय शेजारी उभा आहे."

"आमच्यात लावत नाहीत. पुसा ते."

"तुम्ही पुसा," मी म्हटलं. "सवाष्णीचं कुंकू मी पुसणार नाही. माझं पुसलं तेव्हा बायकांनी धरून पुसलं होतं. ते काम मी मातीच्या बाईवरसुद्धा करणार नाही."

हे मी मराठीत बोलले. कन्नड त्या वेळी तोंडाला आलं नाही. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं अंगठा पुढे केला होता, तो तसाच थोडा वेळ राहिला. तीही विधवाच होती. मग तिनं हात मागे घेतला, आईच्या डोक्यावरचा निळा तुकडा जरा पुढे ओढला, इतका की कपाळ झाकलं गेलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आतल्या आत राहू दे."

तिच्या दारावर त्या वर्षी स्टार लागला नाही. घरात गोडधोड झालं नाही, मुलींना नवे कपडे शिवले नाहीत. तिची रीत तिनं मोडली नाही आणि मीही परत मोडा म्हटलं नाही. पण रोज दुपारी मुली माझ्या अंगणात असायच्या. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून साखळ्या केल्या, वातीचा कापूस पिंजून किल्ल्यावर टाकला. बर्फ म्हणे. बेंगळुरात कसला आलाय बर्फ. थोरली म्हणाली, गोष्टीत असतो. मी म्हटलं, मग थोडाच टाका, देवघरात वाती लागतात मला.

नाताळच्या दिवशी ती चौघं चर्चला जाऊन आली. म्हातारी घरात न जाता सरळ माझ्या अंगणात आली. मागे तिचा मुलगा, तो मान खाली घालून उभा. तिनं पदराची गाठ सोडली आणि बाळ धाकटीच्या हातात दिलं. धाकटीनं ते पेंढ्यावर ठेवलं. उलटं ठेवलं, थोरलीनं सुलटं केलं. कोणी गाणं म्हटलं नाही. थोरली गोठ्यासमोर बराच वेळ उकिडवी बसून होती. नंतर तिनं बोटानं रागीचे दोन आडवे झालेले कोंब उभे केले आणि उठली.

ज्या घरात सण नसतो तिथे शेजाऱ्यानं ताट द्यायचं, ही आमची रीत, आणि तिच्यात मला काही वाईट दिसत नाही. मी आदल्या दिवशी करंज्या तळल्या होत्या. त्यांच्यातही नाताळला करंजी करतात, नेवरी म्हणतात. ताट भरून कट्ट्यावर ठेवलं. मुलींनी दोन्ही हातांत घेतल्या. म्हातारीनं एक उचलली, अर्धी मोडून तोंडात टाकली आणि चघळत राहिली.

"सारण कोरडं झालंय. तीळ नाहीत. पापुद्रा जाड."

"पुढच्या वर्षी तुम्ही करा," मी म्हटलं. "मी नावं ठेवीन."

तिनं उरलेली अर्धी खाल्ली आणि ताटातली दुसरी उचलली.